कान आणि गळा

साहित्याच्या विद्यार्थ्याला दोष हेरण्याची सवय फार लवकर लागते. कवितेतली फसलेली ओळ, कथेतला ओढूनताणून आणलेला शेवट नेमका दाखवता येणे हीच आपली विद्या. गाणे शिकताना मात्र हीच विद्या आड येते, हे मला पंचेचाळिशीत कळले. मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर ऐकत घडलेला कान आणि कधीच न वापरलेला गळा, यांचे जमावे कसे? तानपुऱ्यावर षड्ज लावायला तोंड उघडावे, तोच आतला समीक्षक 'बेसूर' असा शेरा मारून मोकळा! कित्येक आठवडे माझा सूर ओठांबाहेर पडला नाही. अखेर शिकवणारे गुरुजी म्हणाले, "सर, न लावलेला सूर दुरुस्त करता येत नाही. आधी लावा. चढला की उतरला, ते मग पाहू."

या बोलण्याचा अर्थ मला कुरकुंभच्या भजनात उलगडला. इथे एकीकडे औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्या, तर दुसरीकडे फिरंगाईचे देऊळ आणि एकादशीचे भजन. पाळी संपवून आलेला कामगार शेतकऱ्याशेजारी टाळ घेऊन उभा राहतो. चाल वर चढली की एखाद्याचा आवाज फाटतो; पण टाळ थांबत नाही. तो शेजाऱ्याचा सूर ऐकतो आणि पुढच्या आवर्तनात सावरतो. तुकोबांची पालखी पाटसहून रोटी घाटाकडे निघते, तेव्हा दिंड्यांतही हेच ऐकू येते. याला बेफिकिरी म्हणता येणार नाही. तिथे कान जागाच असतो. फक्त तो स्वतःवरून उठून दुसऱ्याकडे लागलेला असतो.

मग परिपूर्णतेचे काय? मला कुमार गंधर्व आठवतात. थोरामोठ्यांची गायकी हुबेहूब गाऊन दाखवणारा हा बालगायक ऐन तारुण्यात क्षयाने अंथरुणाला खिळला. १९४८ साली ते देवासला गेले. काही वर्षांनी पुन्हा गाऊ लागले, तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. पूर्वीचा दमसास परत येण्याची वाट पाहत ते थांबले असते, तर आपण एका गायकीला मुकलो असतो. जेवढा श्वास होता, तेवढ्यात मावणाऱ्या छोट्या, धारदार स्वराकृतींतून त्यांनी आपले गाणे उभे केले.

अर्थात, कुमारांचे नाव घेऊन आपली कच्ची तयारी झाकता येत नाही. माझा गंधार आजही उतरतो. पण उतरला हे आता ऐकू येते, कारण तो निदान लागतो तरी.

वर्गात कविता मोठ्याने वाचायला सांगितली की काही मुले मान खाली घालतात. आपल्या बोलीचा उच्चार कुणीतरी हेरील, ही ती भीती. ती मला आता आतून ओळखीची आहे. म्हणून त्यांची ओळ मी पुरी होऊ देतो. जे काही बोलायचे, ते त्यानंतर.