२०४८ ची वजाबाकी

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत शाळेच्या कचेरींतील जुन्या संगणकास दुसरी हार्ड डिस्क बसविण्याचें काम आमच्याकडे आलें. स्नेहसंमेलनांच्या व सामन्यांच्या छायाचित्रांनीं पहिली डिस्क कांठोकांठ भरली होती. नवी ३ टेराबाइटची घेतली. दुकानदार आमच्याच एका विद्यार्थ्याचे वडील.

डिस्क बसविली, संगणक सुरू केला, आणि पडद्यावर क्षमता दिसली ७४६ गिगाबाइट! थोडी तूट दिसणार हें आम्हांस ठाऊक होतें. कारखानदार १००० च्या पटीनें मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीनें मोजते आणि नांव मात्र दोघेही 'गिगाबाइट' हेंच सांगतात. म्हणून ५०० ची डिस्क ४६५ दिसते. १९९८ सालीं दुसऱ्या मापास 'गिबीबाइट' असें निराळें नांव मिळालें, पण तें बोलण्यांत रुळलें नाहीं. तथापि या हिशेबानेंही २७९४ दिसावयास हवे होते. जवळजवळ पाऊण डिस्क गेली कोठें?

आम्हीं लागलाच दूरध्वनि केला. "अहो, आपण आम्हांस जुना माल दिलात काय?" पलीकडे क्षणभर शांतता. मग ते इतकेंच म्हणाले, "सर, उद्यां दुसऱ्या संगणकास लावून पाहूं." हें उत्तर आम्हांस टाळाटाळीचें वाटलें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मुलास पाठविलें. प्रयोगशाळेंतील नव्या संगणकावर तीच डिस्क २७९४ दिसली! नववींतला तो मुलगा फळ्याकडे गेला व त्यानें २७९४ मधून ७४६ वजा केले. बाकी २०४८. "सर, हा तर दोनचा अकरावा घात!"

आतां आमच्या डोक्यांत प्रकाश पडला. डिस्कवरील जागा ५१२ बाइटांच्या खणांनीं मोजतात. जुन्या संगणकांतील ड्रायव्हर ती मोजणी ३२ द्विमान अंकांत करीत होता. तितक्या अंकांत ४,२९,४९,६७,२९६ खण मावतात, म्हणजे बरोबर २०४८ गिगाबाइट. पुढें मोजणी पुन्हां शून्यापासून. पंधरा वाजतां घड्याळ तीन दाखवितें, त्यांतलाच हा प्रकार. डिस्क खरी होती. मोजणारा चुकत होता.

नवा ड्रायव्हर घालतांच २७९४ दिसले. पण वापरावयास २०४८ च, उरलेले ७४६ बाजूस पडून! डिस्कच्या विभागांची नोंद ठेवण्याची एमबीआर ही १९८३ सालची पद्धतिही ३२ अंकांचीच. ती बदलून जीपीटी केली, तेव्हां सारी जागा मिळाली. आमच्या रीतीनें हा बदल करावयास डिस्क कोरी असावी लागते. छायाचित्रें आधींच भरलीं नव्हतीं, हें नशीब.

सायंकाळीं आम्ही स्वतः दुकानीं गेलों व आदल्या दिवशींच्या शब्दांबद्दल क्षमा मागितली. त्यांनीं कांहीं न बोलतां खुर्ची पुढें सरकविली आणि मुलास चहा सांगावयास पिटाळलें. तो जातां जातां म्हणाला, "बाबा, सरांनीं वजाबाकी केलीच नव्हती."