नवेगावबांधच्या काठावर

नवेगावबांधला जाण्याचे ठरले ते माझ्या मुलीच्या हट्टामुळे. सत्तरी ओलांडलेले वडील नाखुषीनेच निघाले. गेली दोन वर्षे ते घरातल्या बोलण्यातून हळूहळू अंग काढून घेत होते आणि आम्ही त्याला वयाचा हेका समजत होतो.

गोंदिया जिल्ह्यातील हा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. तलाव बांधून धान पिकवण्यात पूर्व विदर्भातील कोहळी समाजाची ख्याती आहे. सभोवती डोंगर आणि त्यांवर साग, ऐन, तेंदू, बांबू यांचे उष्ण कटिबंधीय पानझडी अरण्य. १९७५ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून याच परिसरात काम केले होते.

हिवाळ्यातील पहाट होती. पाण्यावर धुके होते आणि दूरवर बदकांचे थवे तरंगत होते. बांबूच्या बेटातून घुमल्यासारखा ‘कुक कुक’ आवाज आला. “भारद्वाज! दिसला तर शुभशकुन,” वडील उत्साहाने म्हणाले. इतक्यात अगदी जवळून, पाण्याला लागून, बारीक तीक्ष्ण शीळ घालत एक निळी रेघ सरकली.

“आजोबा, ऐकलंत? खंड्या!”

वडील तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांना काहीच ऐकू आले नव्हते. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही तेच झाले. थोड्या वेळाने ते हलकेच म्हणाले, “पाखरं कमी झालीत, असं मला वाटत होतं गं.”

उतारवयातील श्रवणदोषात बहुधा प्रथम उंच, बारीक आवाज हरवतात. खर्जातले आवाज पुष्कळ काळ ऐकू येतात. म्हणून दूरचा भारद्वाज ऐकू आला आणि जवळचा खंड्या निसटला. भाषेतील ‘स’, ‘श’ यांसारखे वर्णही उंच स्वरांचे. ते गळाले की बोलणे कानी पडते, पण उमगत नाही. समोरचा पुटपुटतो आहे, असे वाटते. पुन:पुन्हा विचारण्याचा संकोच वाटून माणूस गप्प होतो. वडिलांचा अबोला हा हेका नव्हता, हे त्या काठावर मला उमगले आणि मनोमन शरमही वाटली.

परतल्यावर आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी मळ साचला आहे का ते पाहिले, मग श्रवणचाचणी केली. आता वडील श्रवणयंत्राची सवय करून घेत आहेत. प्रारंभी भांड्यांचा आवाज त्यांना असह्य होई. हळूहळू तो सोसू लागला आहे.

आपणही घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन अशा एखाद्या पाणवठ्यावर अवश्य जा. दहा मिनिटे कोणीही बोलू नका. नंतर प्रत्येकाने काय काय ऐकले, ते परस्परांना विचारा.

या हिवाळ्यात पुन्हा नवेगावबांधला जायचे आहे. या खेपेस हट्ट वडिलांचा आहे.