आईच्या हिशेबाला नावे ठेवू नकोस

चि. बाबू,


परवा फोनवर तू म्हणालास, "आईने पोट्ट्याचं गणित बिघडवलं." तेव्हापासून माझे डोके तापले आहे. तुझा तिसरीतला पोर शंभरातून त्रेसष्ट तोंडी वजा करतो : "त्रेसष्टवर सात, सत्तर. वर तीस, शंभर. झाले सदतीस." यात बिघडले काय? वहीत लाल फुली मिळाली, तर मॅडमना जाऊन भेट. दशक सुटा करायची रीत त्याला यायलाच हवी, पण नुसती तीच घोकलेली पोरे शंभराची दोन शून्ये बघूनच अडतात. इतकी वर्षे फळ्यासमोर उभी राहून हेच पाहिले मी. सुटे पैसे परत देणारा दुकानदारही आईसारखाच चढत्या क्रमाने मोजतो.

आणि आईला अक्षर येत नाही, हे तू मला सांगतोस! तेंदूपत्त्याच्या फळीवर तिचा एक पुडा तरी कमी धरून दाखवावा कोणी. सत्तर पानांचा पुडा. दहा-दहाच्या ओळी, दहा ओळींचा शेकडा. दर शेकड्याला एक चिंचोका ओच्यात. मुन्शीची मान वहीतून वर यायच्या आत तिचा आकडा तयार. एका साली मुन्शीने तिचे चौदा पुडे कमी धरले होते, ते तुला सांगायला नको. बाबा गप्प बसले होते, आई नाही.

अबॅकसचा क्लास लावू का, असे विचारलेस. लाव, पैसे जास्त झाले असतील तर. पण आधी घरात रोज दहा मिनिटे तरी बस. शेंगदाणे मुठीत घे, किती असतील ते त्याला आधी अंदाजाने सांगू दे, मग दहा-दहाचे ढीग करून मोजू दे. अंदाज चुकला तर हसू नकोस. तुझी ती खोड आहे. उत्तर आले की "बरोबर" म्हणून मोकळा होऊ नकोस, "कसे काढलेस?" ते विचार. चुकीच्या उत्तरालाही हेच विचारायचे. सातचा पाढा म्हणताना अडला, तर पाच साते पस्तीसवरून पुढे सात-सात चढू दे. शेकडा पुड्यांत पाने किती, हे त्याला सातच्या पाढ्यावरून स्वतः काढू दे. सात हजार आले की बघ कसा नाचतो. आठवडी बाजारात पन्नासची नोट त्याच्या हातात दे, आणि तू मागे उभा राहा. तोंड बंद ठेवून.

तुला वाटेल, बाई एवढ्याशा वजाबाकीवरून भाषण देते. देणारच. आपल्या या जंगलात ज्याला मोजता येत नाही, त्याचे दुसराच मोजतो, आणि कमीच मोजतो. धानोऱ्याकडच्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११मध्ये गावाने आपला बांबू स्वतः विकायला काढला. आज गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलावही स्वतःच करतात. हक्काचा कागद सरकारने दिला, पण मजुरी किती, बोनस किती, शिल्लक किती, हे गावातल्याच कोणाला तरी बसून जुळवावे लागते. ते जुळवणारे उद्या कुठून येणार? वजाबाकीला घाबरलेल्या पोरांतून?

आता मुख्य काळजी. उन्हाळ्यात त्याला आईकडे जरूर पाठव, पण पहाटे तिच्यामागे पाने तोडायला जाऊ देऊ नकोस. हट्ट करेल, आणि आई नातवाला नाही म्हणणार नाही. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाहीकडे तेंदू तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाने एकाच दिवशी मारल्या. दुपारी ओसरीवर पुडे बांधायला बसव, मोजायचे ते तिथे भरपूर आहे. खरे तर या वर्षी आईनेही जाऊ नये. माझे ती ऐकत नाही. तू थोरल्यासारखा आवाज काढून सांगून बघ, पण तिच्या हिशेबाविषयी आधी चांगले दोन शब्द बोल, नाहीतर तुलाही उडवून लावेल.

फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर तू नुसता हो-हो करतोस.

तुझी,
बाई