मन खचणें आणि अब्रू

आमच्या काकांस अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हां मालीश, व्यायाम, पथ्यपाणी यांत घरानें तिळमात्र कसूर केली नाहीं. चार महिन्यांनीं ते काठी टेकीत चालूंही लागले. परंतु वर्तमानपत्राची घडी मोडत नसे, नातवानें हांक मारली तरी मान वळत नसे. डॉक्टरांनीं मनोविकारतज्ज्ञाचें नांव काढतांच काकू उसळल्या, “ते कांहीं वेडे नाहींत!” इजा झाली मेंदूला, तरी हात लुळा पडणें हें दैव, आणि मन खचणें हा मात्र घराण्यास कलंक! वस्तुतः अशा रोग्यांपैकीं सुमारें एकतृतीयांशांस खिन्नता गांठते. औषधाचे गोडवेही मला गावयाचे नाहींत. ब्रिटनमध्यें ३,१२७ रोग्यांवर झालेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत फ्लुऑक्सेटिननें हातापायांस बळ आलें नाहीं. सहा महिन्यांत नव्यानें खिन्नता जडणाऱ्यांचें प्रमाण शेकडा १७ वरून १३ वर आलें. हाड मोडणाऱ्यांचें मात्र दीडावरून जवळजवळ तिनावर गेलें. डॉक्टरांनीं हा सारा हिशेब काकूंपुढें मांडला, कांहीं लपविलें नाहीं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तर न्हाणीघरांत आधीं काथ्या अंथरायला हवा.”