धावायला कागद लागतो

आमचं मार्कंडा गाव वैनगंगेच्या काठावर. नदी इथे वळून उत्तरेकडे वाहते आणि महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, म्हणून गावाचं नाव लांबवर माहीत आहे. जत्रेचे दिवस सोडले तर पहाटे गावात एकच आवाज असतो, पोरापोरींच्या धावण्याचा. चामोर्शीच्या रस्त्यावर, धानाच्या धुऱ्यावर, उन्हाळ्यात नदीच्या रेतीवर पोरं धावतात. कशासाठी धावतात, ते गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पोलीस भरती, वनरक्षक भरती. ज्या घरात दोन एकर धान आणि बापाची थापी एवढीच कमाई आहे, त्या घराला सरकारी नोकरीचं दार पायानेच उघडेल असं वाटतं.

मी गवंडीकाम करतो. सातवीपर्यंत शिकलो. ही हकिकत माझ्या थोरल्या मुलीची आहे. तिच्यात माझी जी चूक झाली ती मी लपवणार नाही, कारण लिहायला बसलो ते त्या चुकीसाठीच.

पोरगी लहानपणापासून पायाने चपळ. नववीत असताना कबड्डीच्या संघातून गडचिरोलीला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेला गेली. संघ पहिल्याच सामन्यात हरला. ती येताना एक कागद घेऊन आली. मी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणालो, "हरल्याचाही कागद देतात का?" सगळे हसले. तीही हसली. त्या कागदाचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

बारावीनंतर ती बी.ए.ला गेली. पहिल्याच वर्षी कॉलेजाने तिला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ८०० मीटर धावायला निवडलं. नेमके दिवस धान कापणीचे. मजूर मिळत नव्हते, वर आभाळ भरून आलं होतं. ती म्हणाली, "बाबा, मले दोन दिवस जाऊ द्या ना." मी म्हणालो, "कायले? शर्यतीत धावून पोट भरते का?" ती रडली नाही की रागावली नाही. विळा घेऊन बांधीत उतरली. पुढची दोन वर्षं तिने मला कधी विचारलं नाही. मला वाटलं, पोरगी समजूतदार झाली.

बी.ए. झाल्यावर तिने पोलीस भरतीची तयारी सुरू केली. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. पंधरा दिवस राहिले असताना पहाटेच्या अंधारात धुऱ्यावर तिचा पाय मुरगळला. घरी आणल्यावर आम्ही काय केलं? जे आजवर करत आलो तेच. तेल कोमट करून शेजारच्या म्हातारीकडून पाय जोरजोरात चोळून घेतला. वीट तापवून शेकलं. रात्रीपर्यंत घोटा भोपळ्यासारखा सुजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चोळला. चौथ्या दिवशी ती दुखणं अंगावर काढून पळायला गेली आणि पुन्हा पडली. भरतीच्या दिवशी पोरगी घरात खाटेवर होती. आम्ही नशिबाला बोल लावला. नशिबाचा त्यात काही संबंध नव्हता, हे मला दोन वर्षांनी कळलं.

पाय बरा झाल्यावर शाळेतले तिचे जुने पी.टी.चे सर घरी आले. म्हणाले, "हिला बी.पी.एड.ला का पाठवत नाही?" मला वाटलं, शिट्टी वाजवायला कॉलेज कशाला? पी.टी. म्हणजे रांगेत उभं करणं आणि चेंडू फेकून देणं, हीच आमची समजूत. सरांनी शांतपणे समजावलं. शारीरिक शिक्षणाची ही पदवी आहे. २०१५ पासून ती दोन वर्षांची झाली. त्यासाठी आधी कोणत्याही शाखेची पदवी लागते, राज्याची सी.ई.टी. द्यावी लागते आणि मैदानी चाचणी होते. मग ते म्हणाले, "पदवीला ५० टक्के पाहिजेत. आणि स्पर्धेत भाग घेतल्याचा दाखला पाहिजे. आंतरमहाविद्यालयीनचा असेलच तिच्याकडे?"

घरात कोणी बोललं नाही. पोरीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

सरांनी नियम पुढे वाचला. नुसती आंतरमहाविद्यालयीनच नव्हे, तर विभागीय, जिल्हा किंवा शालेय स्पर्धा चालते. ती मान्यताप्राप्त असली पाहिजे, एवढंच. जिंकलंच पाहिजे असं नाही, भाग घेतला पाहिजे. ज्यांना ४५ टक्केच आहेत त्यांच्यासाठी वेगळ्या वाटा आहेत. पदवीला शारीरिक शिक्षण हा विषय घेतलेला असावा, किंवा अशा स्पर्धेत पहिल्या तिनात क्रमांक असावा, किंवा राज्य, आंतरविद्यापीठ, राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेलं असावं. मागासवर्गीयांना नियमाप्रमाणे टक्क्यांची सवलत आहे. हे ऐकता ऐकता माझी बायको उठली. तिने लोखंडी पेटी उघडली. लग्नातल्या लुगड्याखाली, रेशनकार्डाच्या आणि डांबरगोळ्यांच्या सोबतीला, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून तो हरल्याचा कागद ठेवलेला होता. शिक्का होता, तारीख होती, सही होती. जी बाई अंगठा लावते तिने तो जपला होता, आणि सातवी शिकलेला मी त्याला हसलो होतो.

त्यानंतरची धावपळ माझ्या वाट्याला आली. जातीचा दाखला होता, पण राखीव जागेवर प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि अनुसूचित जातीसाठी १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. माझे आजोबा शाळेत गेले नव्हते, मग शाळेचा दाखला कुठून आणणार? शेवटी जुन्या कोतवाल पंजीत त्यांच्या घरची नोंद सापडली. तीत जुन्या जातीचं नाव, आणि माझ्या पोरीच्या दाखल्यावर बौद्ध. केंद्राच्या कायद्यात बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० साली मिळाल्या, पण नातं जोडणारे कागद ज्याचे त्यालाच गोळा करावे लागतात. त्यात महिने जातात. म्हणून सांगतो, अकरावी-बारावीतच वैधतेच्या मागे लागा. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्याच्या भरवशावरच आम्ही हिंमत केली.

सी.ई.टी. संगणकावर असते. पोरगी चामोर्शीला जाऊन माऊस धरायला शिकली. मैदानी चाचणीला तिने घोट्याला पट्टी बांधली. यादीत नाव आलं तेव्हा मी एका घराच्या स्लॅबवर होतो. खाली उतरलो आणि काही वेळ विटांवर बसून राहिलो.

कॉलेज विदर्भातलंच, पण घरापासून लांब. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे. तिथल्या मंडळींनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले होते. एवढी जुनी ही विद्या आपल्या विदर्भात आहे, आणि वैनगंगेच्या काठावरच्या आम्हाला तिचा पत्ता नव्हता.

पहिल्या सुटीत ती आली तेव्हा मी तिची वह्या-पुस्तकं पाहिली. मला वाटलं होतं, दिवसभर कवायत असेल. ती असतेच, पहाटेपासून. पण दुपारी वर्ग. शरीररचना आणि शरीरक्रिया, आरोग्य शिक्षण, योग, क्रीडा मानसशास्त्र, खेळाचं प्रशिक्षण, शरीराच्या हालचालींचं शास्त्र, मोजमाप आणि मूल्यमापन, मैदान आखणं, स्पर्धा भरवणं, संगणक. शाळेत जाऊन पाठ घ्यावे लागतात. वर्षाला किमान २०० दिवस काम चाललं पाहिजे असा नियम आहे. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात, ती तिला पाठ. आईला समोर बसवून तिच्या गुडघ्यावर बोट ठेवून ती नावं म्हणायची. बायको म्हणाली, "रोवण्यात चाळीस वर्षं दुखते ते हेच का?"

दुसऱ्या वर्षी क्रीडा वैद्यक आणि दुखापतीनंतरचे उपचार हा विषय आला. तेव्हा तिने घोट्याची गोष्ट काढली. मुरगळल्यावर आत बारीक रक्तवाहिन्या फाटतात. पहिले दोन-तीन दिवस चोळलं, शेकलं, की रक्तस्राव वाढतो आणि सूज दुप्पट होते. करायचं ते असं. पाय टेकवायचा नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, दोन-तीन तासांनी पुन्हा. ताणाची पट्टी बांधायची, पण बोटं काळीनिळी पडतील इतकी घट्ट नाही. उशीवर पाय उंच ठेवायचा. चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर घरी उपचार नकोत, एक्स-रे काढायचा. सूज उतरल्यावर हळूहळू हालचाल, मग एका पायावर तोल, मग चालणं आणि शेवटी धावणं. तिने हे सांगताना आम्हाला दोष दिला नाही. मीच विचारलं, "म्हणजे तेव्हा तू भरतीला गेली असतीस?" ती म्हणाली, "पंधरा दिवसांत कदाचित नसते गेले बाबा. पण दोनदा पडले नसते."

कॉलेजाच्या वाचनालयात तिला पालवणकर बाळूंची हकिकत मिळाली. चर्मकार घरातला हा माणूस पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची निगा राखायचा आणि त्यांना सराव म्हणून तासन् तास गोलंदाजी करायचा. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण हिंदू संघात घेतल्यावरही त्याला चहा मैदानाबाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा, आणि कप्तानपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. मी म्हणालो, त्याच्या हातात कला होती, तरी दार दुसऱ्यांच्या हातात होतं. आज दाराची अट निदान कागदावर लिहिलेली आहे. ती वाचता आली पाहिजे.

बी.पी.एड. केलं की नोकरी ठेवलेलीच आहे, असं मी सांगणार नाही. शाळांमधल्या जागा कमी निघतात, भरती रखडते. माझी मुलगी सध्या एका खासगी शाळेत आहे, पगार थोडा आहे, आणि ती शासनाच्या जागेची वाट पाहते आहे. पण तिच्याकडे जे आहे ते आता कोणी काढून घेऊ शकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात रेतीवर एका पोराचा पाय मुरगळला. त्याच्या आजीने तेलाची वाटी आणली होती. माझी मुलगी वाटेतच आडवी झाली. मला म्हणाली, "बाबा, मासेवाल्याकडून बर्फ आणा." मी सायकलने गेलो. मासोळीचा वास येणारा बर्फ होता, पण काम झालं. दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या घरी जाऊन मी त्याच्या बापाला एकच विचारलं, "याचे शाळेतले खेळाचे कागद कुठे ठेवले?" त्याला माहीत नव्हतं.

आयाबहिणींनो, भावांनो, तुमचं पोरगं जिंको की हरो, त्याचा कागद पेटीत ठेवा. आणि कापणीच्या दिवसांत पोरीने दोन दिवस मागितले तर द्या. आमचं त्या वर्षीचं धान शेवटी भिजलंच होतं.