कपाटातला पावसाळा

वैशाखाच्या उन्हात धान्य वाळवावे, पोती भिंतीला टेकवू नयेत, खाली लाकडी फळ्या घालाव्यात आणि पावसाने उघडीप दिली की गोदामाची दारे उघडावीत, हे व्यापारी घरातील मुलांना कोणी मुद्दाम शिकवत नाही. पिंपरीत धान्याचे दुकान चालविणाऱ्या आप्पांनाही ते असेच आले. ओलीने त्यांचा माल फारसा कधी वाया गेला नाही. वाया गेला तो कपाटातला कॅमेरा.

लग्नानंतर 1978 साली त्यांनी याशिका कॅमेरा घेतला. सोबत आलेले चामड्याचे वेष्टन घरात नको म्हणून काकींनी जाड कापडाची पिशवी शिवली. छायाचित्रे आप्पा काढीत, सांभाळ काकींचा. पवनेला पूर आला की सारा मोहल्ला पाहायला जाई, पण कॅमेरा घरीच राही. पावसात तो बाहेर काढायचा नाही, हा घरचा नियमच होता.

2006 च्या उन्हाळ्यात काकी अकस्मात गेल्या. रोळ अर्धा उरला होता. तो पुरा करण्याचे मन आप्पांना झाले नाही. त्यांनी कॅमेरा कापडी पिशवीसह प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, दोन गाठी मारल्या आणि जुन्या खातेवह्यांशेजारी कपाटात ठेवला. पाच पावसाळे त्याला हवा लागली नाही. 2011 साली नातीच्या हट्टामुळे गाठी सुटल्या, तेव्हा आधी कुबट वास आला. भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते.

पुण्यातील दुरुस्ती करणाऱ्या वृद्ध कारागिराने कारण सांगितले. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्रच असतात. हवेतील आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली, अंधार असला आणि वारा खेळला नाही की त्यांना रुजायला धूळही पुरते. वाढताना बुरशी जे आम्ल सोडते, ते भिंगावरील पातळ लेप खाते. प्लॅस्टिकने पाऊस बाहेर ठेवला होता खरा, पण कापडात आधीच मुरलेला दमटपणाही आत कोंडला होता. कारागिराने जाळे पुसले. लेपावरचे व्रण मात्र राहिले. हिशेबात घसारा धरतात तो वस्तू वापरली जाते म्हणून. येथे तो न वापरल्याने झाला होता.

बुरशी ही पिंपरीला परकी नव्हे. 1954 साली येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात बुरशीपासूनच पेनिसिलीन तयार होई. पुढे तेथील शास्त्रज्ञांनी हॅमायसिन हे बुरशीवरचेच औषध शोधले. ते ज्या सूक्ष्म जीवापासून मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे. त्या वसाहतीतील कितीतरी घरांत आप्पांच्या दुकानाचे गहू गेले होते. ज्या गावाने बुरशीला कामाला लावले, त्याच गावात ती त्यांच्या कपाटात मुकाट्याने आपले काम करीत होती.

रोळ धुवून आणला तेव्हा पाच चित्रे हाती आली. फिल्मवरचा थर हेही बुरशीचे खाद्यच. त्यामुळे सर्वांवर डाग होते. एका चित्रात काकी गच्चीवर जुन्या लुगड्यावर गहू पसरत आहेत. हात स्पष्ट आहेत, चेहऱ्याचा अर्धा भाग डागाखाली गेला आहे. आप्पांनी ते चित्र बराच वेळ हातात धरले. ‘‘तिने गव्हाला ऊन दाखवले, मी तिला कोंडून ठेवले,’’ एवढेच ते म्हणाले.

नात आता मोठी झाली आहे आणि तिच्याकडे डिजिटल कॅमेरा आहे. लोणावळ्याच्या पावसातही ती तो नेते. कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, भिंगापुढे रबराने आवळलेले तोंड आणि खांद्यावर कोरडे सुती फडके एवढी तिची तयारी असते. गार मोटारीतून दमट हवेत येताच भिंगावर बाष्प धरते, म्हणून कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच राहतो. घरी आल्यावर तो पुसायचा, बॅटरी काढायची, पंख्याखाली पुरता सुकू द्यायचा आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवायचा. नारंगी दाणे हिरवट झाले की त्यांनी ओल पुरेशी शोषली असे समजावे. ते तापवून पुन्हा वापरता येतात, मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात नव्हे. एकदा आप्पांनी तांदळाच्या डब्याचा उपाय सुचवला. ‘‘आप्पा, तांदळाची भुकटी यंत्रात जाईल,’’ नात म्हणाली. धान्याच्या व्यापाऱ्याला हे पटायला वेळ लागला नाही.

जुना याशिकाही आता डब्यात असतो. पावसाळ्यात दर रविवारी आप्पा तो काढतात, खिडकीजवळच्या उजेडात ठेवतात, कळ दोन-चार वेळा दाबतात. आत रोळ नसतो. शेजारी काकींचे ते डागाळलेले चित्र काचेमागे आहे. चौकटीची मागची बाजू भिंतीला टेकू नये म्हणून आप्पांनी चारही कोपऱ्यांत लाकडाचे छोटे तुकडे लावले आहेत.