साडेचार मिलिमीटर

माणसाला नाद कसला लागावा याला काही शास्त्र नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी अडकित्ते जमवतो. आमच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक तर जुनी पंचांगे जमवतात. पण ज्या देशात आपण उभ्या आयुष्यातले जेमतेम सहा आठवडे काढले, त्या आयर्लंडातल्या आगगाड्यांच्या चिमुकल्या प्रतिकृती मराठीच्या एका प्राध्यापकाने कपाटात मांडाव्यात, याचा उलगडा माझ्या पत्नीला अद्याप झालेला नाही. “निदान आपल्याकडची तरी गाडी असती!” असे ती म्हणते. या बोलण्यात एक काटा आहे. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

माझा धाकटा भाऊ डब्लिनला नोकरीला आहे. त्याचा मुलगा तिथेच जन्मला, तिथेच वाढला. मराठी त्याला समजते, पण ओठांपर्यंत येऊन ती लाजते. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत मी तिकडे गेलो, तेव्हा आम्हा काका-पुतण्यांचे संभाषण ‘जेवलास का?’ आणि ‘हो’ यांच्यापुढे सरकेना. अखेर भाऊ म्हणाला, “दादा, याला मॅलाहाइडला घेऊन जा. तिथे खेळण्यातल्या आगगाड्या आहेत.”

खेळण्यातल्या! सिरिल फ्राय या गृहस्थाने हे ऐकले असते तर त्याला काय वाटले असते कोण जाणे. डब्लिनच्या इंचिकोर येथील रेल्वे कारखान्यात हा मनुष्य नकाशे काढण्याचे काम करी, आणि घरी आल्यावर त्याच गाड्या धातूतून लहान आकारात घडवी. इंजिने, डबे, वाघिणी, ट्राम. आयर्लंडच्या रुळांवरून जे जे धावले ते ते आपल्या हातून पुन्हा घडावे, असा त्याचा ध्यास. 1972 साली तो वारला. त्याचा संग्रह पुढे मॅलाहाइडच्या किल्ल्यात होता. 2020 पासून तो त्याच गावातल्या एका शाकारलेल्या जुन्या घरात आहे. काचेआडची ती इंजिने पाहताना मला प्रथम जाणवले, की हे खेळणे नव्हे. ही बखर आहे. फक्त शाईऐवजी पितळेने लिहिलेली.

त्या बखरीतले सर्वांत रंजक प्रकरण रुळांच्या रुंदीचे. आयर्लंडची पहिली रेल्वे 1834 साली डब्लिनहून किंग्जटाउनला, म्हणजे आजच्या डन लीरीला, सुरू झाली. तिच्या रुळांतले अंतर इंग्लंडसारखे, चार फूट साडेआठ इंच. उत्तरेकडच्या अल्स्टर रेल्वेने सहा फूट दोन इंच धरले, तर डब्लिन-ड्रॉहेडावाल्यांनी पाच फूट दोन इंच. तीन कंपन्या आणि तीन मापे! आपल्याकडे भाऊबंदकीत विहिरीची वाटणी होते, तसलाच हा प्रकार. मग सरकारतर्फे मेजर जनरल पासली मध्यस्थीला आले आणि 1843 साली पाच फूट तीन इंच असा निवाडा झाला. हे माप तिघांपैकी एकाचेही नव्हते. मध्यस्थाच्या निवाड्याची हीच खूण असावी. आज आयर्लंडभर मोठ्या गाड्या याच मापावर धावतात. आपली ब्रॉडगेज पाच फूट सहा इंच, म्हणजे त्यांच्याहून अवघी तीन इंच रुंद. दूरच्या नात्यातला माणूस अचानक भेटावा, तसा मला त्या तीन इंचांचा आनंद झाला.

या मापानेच आयरिश छांदिष्टांची झोप उडवली आहे. ब्रिटनमध्ये आणि आयर्लंडमध्ये सर्रास चालणारे प्रमाण म्हणजे खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर. त्या हिशेबाने पाच फूट तीन इंचांचे एकवीस मिलिमीटर होतात. पण दुकानात मिळणारा तयार रूळ साडेसोळा मिलिमीटरचा! फरक साडेचार मिलिमीटरचा. खऱ्या गाडीच्या हिशेबात हीच चूक साडेतेरा इंचांची होते.

बहुतेक लोक ती चूक पोटात घालतात, आणि त्यांना दोष कसा द्यावा? एके काळी त्यांच्या नशिबी इंग्रजी इंजिनेच होती. त्यांनाच आयरिश रंग फासून समाधान मानायचे. आता मर्फी मॉडेल्स आणि आयरिश रेल्वे मॉडेल्स यांची अस्सल आयरिश बांधणीची इंजिने तयार मिळतात, पण चाके तीच साडेसोळाची. ज्याला एकवीसच हवे, त्याने चाके बाहेर सरकवावीत, स्लीपर कापावेत, एकेक रूळ डाग देऊन बसवावा. एका हातभर मार्गाला संध्याकाळींमागून संध्याकाळी जातात.

आम्ही एकवीसचा हट्ट धरला. भावाच्या जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रे पसरून काका-पुतण्ये बसलो. हातात काम आले आणि तोंडाला शब्द फुटले. रूळ, सांधा, डाग, चिमटा. मालगाडीच्या डब्याला आपण ‘वाघीण’ म्हणतो हे सांगितल्यावर तर तो इतका हसला, की त्याची आई स्वयंपाकघरातून धावत आली. सहा आठवड्यांत सव्वा फूट मार्ग झाला. मराठी किती झाली ते मोजण्याची पट्टी माझ्याजवळ नाही.

मी परतायच्या आदल्या रात्री आम्ही आयर्लंडातल्या तीन फुटी अरुंद रेल्वेंबद्दल बोलत होतो. डोनेगॉलची 1959 अखेर बंद झाली, वेस्ट क्लेअरची 1961 साली. चित्रे, नकाशे आणि प्रतिकृती घडवणाऱ्यांच्या बोटांत त्या अजून धावतात. मी त्याला सांगितले, की माझ्या लहानपणी कुर्डुवाडीहून अशीच एक छोटी गाडी निघे. बार्शी लाइट रेल्वेची ती अडीच फुटी वाट 1897 साली सुरू झालेली. आषाढीला तिच्यात पाय ठेवायला जागा नसे. नंतर रुंद रूळ आले आणि ती गेली.

“काका, ती कोणी बनवली?” त्याने मराठीत विचारले. त्याला प्रतिकृती म्हणायचे होते.

पत्नीच्या बोलण्यातला काटा तो हाच. फ्रायसारखा कोणी कुर्डुवाडीत माझ्या तरी पाहण्यात नव्हता. रुंद रुळांची सोय मलाही हवीच आहे. मी काही गेलेल्या गाडीसाठी गळा काढणार नाही. पण गेलेल्या गोष्टीचे नेमके माप कोणाच्या तरी हातात राहावे, एवढे मला फार वाटते. शब्दांच्या बाबतीत वर्गात मी हेच करीत आलो आहे.

अडीच फुटांचे चार मिलिमीटरच्या प्रमाणात बरोबर दहा मिलिमीटर होतात. पुतण्याने पट्टी घेऊन कागदावर दोन समांतर रेघा ओढल्या, आणि त्यांच्याखाली वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिले : ‘बारशी’. मी ते शुद्धलेखन दुरुस्त केले नाही. तो कागद माझ्याजवळ आहे, आणि यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत पितळेचा पहिला पत्रा मी कापणार आहे.